निम्मं पेट्रोल

रविवारी सकाळी सातला, मखमलाबाद रोडला,
मिसळीच्या शेडमागे आमच्या चार गाड्या येऊन उभ्या राहतात
आणि कुत्रं उठत नाही.
त्याला आमच्या येण्याचा पत्ताच लागत नाही,
हे गायधनीबाईंना सगळ्यात आवडतं.
बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं त्यांनी.
कसारा घाट उतरताना बॅटरीच्या कांड्या भरत जातात,
त्या बघत म्हणतात, "उताराचे पैसे परत मिळतात, दुसाने,
तेही या वयात."

आज बोलणं पाऱ्यावरून सुरू झालं. जानेवारीत इथे तेच होतं.
अत्तार म्हणाला, निफाडला साडेचार.
बोरस्ते म्हणाला, चार पॉइंट दोन, आणि ते मोजायच्या जागी.
माझ्या बागेतलं विचारू नकोस.
त्याच्या स्वेटरला धुराचा वास होता.
रात्रभर ओळीओळीतून काडीकचरा पेटवत
घडांना ऊब देत फिरला होता,
मणी तडकू नयेत म्हणून.
एवढं करून पहाटे गाडीत बसला तर म्हणे
इंजिन आपणहून लागलं,
जागच्या जागी, कोणी न सांगता.
"तिलाही शेकायचं होतं," बाई म्हणाल्या.

मग ॲव्हरेज निघालं.
दिवाळीत चोवीस, आता एकोणीस.
अत्तार वहीत लिहून ठेवतो.
विम्याचा सर्व्हेअर, ठोकलेल्या गाड्या बघून बघून
त्याचा कशावरच विश्वास उरलेला नाही,
कंपनीच्या आकड्यावर तर नाहीच.
एप्रिलच्या गारपिटीत दोन दिवसांत
त्याने ऐंशी बॉनेटांवरचे खड्डे मोजले होते.
"पत्रा पातळ होत चाललाय," रश्श्यात पाव बुडवत म्हणाला,
"आणि गारा जाड."

तर्री दुसऱ्यांदा आली.
कोणीतरी म्हणालं, पाच वर्षांत सगळं विजेवर.
कोणीतरी म्हणालं, आधी वीज तर येऊ दे,
सिन्नर फाट्याच्या चार्जरवर शर्ट वाळत घातलेला असतो.
हसलो. मीही हसलो.
मग बाईंनी सरळ विचारलं, वर्गात विचारावं तसं,
"दुसाने, तुमच्या शेडचं कसं होणार?"

अंबडला माझे तीन प्रेस आहेत.
सायलेन्सरच्या नळीला फ्लँज लागतो, दोन भोकांचा,
तळहाताएवढा. तो आम्ही काढतो.
विजेच्या गाडीला धूर नाही. धूर नाही तर नळी नाही.
नळी नाही तर दोन भोकं कशाला?
दिवाळीनंतर रात्रपाळी बंद केली.
त्या पाळीतला एकनाथ आता तपोवनाकडे ई-रिक्षा चालवतो.
दिसलो की हात करतो.
रागाने नाही, आणि तेच नको वाटतं.

ही गाडी घेतली तेव्हा घरात म्हणाले, दोन्ही डगरींवर हात.
असेल.
निम्मी गाडी माझी भाकरी भाजते,
निम्मी ती तव्यावरून हळूच काढून घेते,
आणि सिग्नलला थांबलं की
दोघींपैकी कोण चालू आहे हे मला,
तीस वर्षं यंत्रांच्या आवाजावर जगलेल्या माणसाला,
कळत नाही.

यातलं काही बोललो नाही.
म्हणालो, "बघू. मार्चपर्यंत ऑर्डर आहेत."
बोरस्ते म्हणाला, "माझंही मार्चपर्यंतच. घड उतरेपर्यंत."
आणि स्वतःचा पापड माझ्या ताटलीत ठेवला.

निघताना किल्ली पडली म्हणून वाकलो
तर बाईंच्या गाडीखाली, धुळीच्या थरातून,
दोन भोकांच्या मधोमध बारीक ठसा:
तिरका द, त्याखाली सात.
सात नंबरची डाय. एकनाथच्या पाळीतली.
"काही गळतंय का?" काच खाली करून बाई.
"नाही," म्हणालो. "घट्ट आहे."

गाडी आवाज न करता मागे सरली.
कुत्र्याने एक डोळा उघडला, मिटला.
पुढे चढाला लागल्यावर तिचं इंजिन लागलं
आणि मागच्या नळीतून,
थंडीत कोणाचाही दिसतो तसा,
पांढरा श्वास आला. थोडाच.